चुन्याचे पाणी

सकाळी साडेसहाला सेजल आमच्याकडे पेपर वाचायला यायची. पेपर सातच्या पुढे येतो हे तिच्या मावशीला ठाऊक नव्हते, कारण त्यांच्याकडे पेपर येत नाही. सेजल आली की सरळ माझ्या खोलीत जायची, खालच्या फळीवरचे शब्दकोश पुढे ओढायची, त्यांच्यामागची पिशवी काढायची आणि तीन तांबड्या गोळ्या एकामागून एक गिळायची. पाण्याचा पेला शालिनीने, म्हणजे माझ्या पत्नीने, आधीच भरून ठेवलेला असे. मग आदल्या दिवशीचा पेपर हातात धरून ती पाच मिनिटे बसायची आणि कॉलेजच्या बसला निघून जायची.

गोळ्या क्षयाच्या होत्या. सेजल एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. घर पेडण्यातल्या केरीला, अगदी समुद्राच्या टोकाला. हवा तो विषय साखळीच्या बाजूला मिळाला म्हणून ती आमच्या शेजारी मावशीकडे राहायची. ऑक्टोबरात सुट्टीला घरी गेली तेव्हा दोन महिन्यांचा खोकला कुणीतरी मनावर घेतला, थुंकी तपासली आणि तिकडच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने घ्यायच्या. आईवडील सोडून कुणाला कळता कामा नये असे घरात ठरले. मोठ्या बहिणीचे, संजनाचे, लग्न मार्चात होते. मावशीलाही सांगायचे नव्हते. "सुमंगलामावशीला कळलं म्हणजे साखळीच्या बाजाराला कळलं," सेजलच मला म्हणाली होती.

तिने मलाच का सांगितले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी चौतीस वर्षे कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त झालो तरी कॉलेजातले कुणी ना कुणी भाषा तपासायला कागद पाठवते. त्या वर्षी कॉलेजातल्या अश्विनी मॅडमनी मुलांची आरोग्य साक्षरता पाहण्यासाठी चोवीस प्रश्नांचा फॉर्म केला होता आणि त्याचे मराठी नीट करायला माझ्याकडे धाडला होता. तो आणण्यानेण्याचे काम सेजलकडे होते. "बरे वाटू लागल्यावर गोळ्या थांबवाव्यात का?" हा चौदावा प्रश्न. 'थांबवाव्यात' ठेवावे की 'थांबविणे योग्य आहे' असे करावे यावर मी अर्धा तास घालवला. ती समोर बसून पाहत होती. मग एकदम म्हणाली, "आजोबा, तुम्ही फारसं कुणाशी बोलत नाही ना?"

"नाही," मी म्हटले.

"मग तुमच्याकडे एक वस्तू ठेवायची होती."

पुढे तिनेही तो फॉर्म भरला. चोवीसपैकी चोवीस बरोबर. चौदाव्या प्रश्नाचे उत्तरसुद्धा.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सुमंगला आमच्या व्हरांड्यात आली. हात ओले, पदर खोचलेला.

"सर, आसात मां घरात? आमच्या चेडवाक, सेजलाक कामीण झाली."

काविळीला आमच्याकडे कामीण म्हणतात. मी उठून उभा राहिलो.

"खाणा नाय, पिणा नाय. आणि मूत बघशात तर पिवळा नाय, संत्र्यासारखा! लादीर डाग पडलो. किती दिवस लपवून होता कोण जाणे."

"डॉक्टरकडे..." मी म्हटले.

"डॉक्टर कामिणीक काय करतलो? तेच सांगतत, कामिणीक वखद नाय म्हणून. काल विठूकडे नेलंय. हात धुतलान त्येणी. पाणी असा पिवळा झाला सर, हळद कालवल्यासारखा."

विठू आमच्या गावात टेकडीखाली राहतो. कामीण उतरवणे हे त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या आहे. तो हातांना कसल्याशा सालीचा रस चोळतो आणि वरून चुन्याच्या निवळीचे पाणी ओततो. खाली परातीत पडणारे पाणी पिवळे झाले की कामीण आहे आणि ती उतरू लागली. पहिल्यांदा कधीही आणि मग दोन रविवार हात धुवायचे. एकवीस दिवस मीठ नाही, तेल नाही, आणि दुसरे कुठलेही औषध पोटात जाऊ द्यायचे नाही. पैसे तो घेत नाही. त्यामुळे त्याच्यावर संशय घेणे आणखी कठीण होते.

त्याच संध्याकाळी सेजल आली. चेहरा उतरलेला होता, पण रडत नव्हती.

"आजोबा, गोळ्यांनीच झाली असेल का हो?"

मला ठाऊक नाही, एवढेच म्हणायला हवे होते. पण कुणी काही विचारले की उठून फळीकडे जायचे, याची चौतीस वर्षांची सवय. कॉलेजने रद्दीत काढलेला नऊशे पानांचा एक वैद्यकीय ग्रंथ मी घरी आणून ठेवला होता. त्यात क्षयाच्या औषधांचा भाग काढला. पानाच्या अगदी तळाशी ओळ होती. मी ती वाचून दाखवली: "क्वचित रुग्णांस या औषधांमुळे कावीळ होते. तशी लक्षणे दिसताच औषधे त्वरित थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा."

"फोनवरही हेच आहे," ती म्हणाली. तिला जरा बरे वाटल्यासारखे दिसले. "मी सकाळीच बघितलं. थांबवली नाही तर लिव्हर जातं म्हणे."

"सल्ला घ्यावा, असंही आहे."

"सल्ला म्हणजे पेडण्याला जायचं. प्रॅक्टिकल्स आहेत शुक्रवारपर्यंत. आणि इथे रक्त द्यायचं तर लॅबमध्ये देवेश बसतो, मावशीच्या दिराचा मुलगा. तो पहिलं विचारणार, कसल्या गोळ्या चालू आहेत? थांबवू ना मग? उतरेपर्यंतच. मग परत सुरू करीन."

"पुस्तकात तसं आहे," मी म्हटले.

'थांबव' असे मी म्हटले नाही. 'थांबवू नकोस' असेही नाही.

स्वयंपाकघरातून शालिनी ओरडली, "पुस्तकात आहे, पुस्तकात आहे! उद्या तिला काही झालं तर पुस्तक येणार आहे उचलून न्यायला? तिच्या दवाखान्यातल्या बाईला फोन लावा की."

"सिस्टरचा फोन येतोच आजी," सेजल म्हणाली. "घेतेस ना, म्हणून विचारते. मी हो म्हणते."

सोमवारी सकाळी साडेसहाला ती आली नाही. शालिनीने पेला भरला होता. सात वाजता पेपर आला तेव्हा तिने ते पाणी तुळशीला घातले.

मला एक गोष्ट टोचत होती. रविवारी ती माझ्यासमोर दिव्याखाली बसली होती तेव्हा मी तिचे डोळे पाहिले होते. ते पांढरे होते, कागदासारखे. काविळीत डोळे पिवळे होतात हे कुणालाही ठाऊक असते. पण मी डॉक्टर नाही आणि माझी नजरही आता तितकी चांगली नाही, म्हणून मी ते कुणाला बोललो नाही. मग एक विचार सुचला. माझ्यासारख्या धडधाकट म्हाताऱ्याने हात धुतले आणि तरीही पाणी पिवळे झाले, तर विठूची परीक्षा खोटी ठरेल. ग्रंथात न वाचलेली, माझी स्वतःची अशी ही एवढीच युक्ती. ती अमलात आणायला मला चार दिवस लागले.

गुरुवारी गेलो. विठूच्या अंगणात चारपाच माणसे बसली होती. मला पाहून तो हसला.

"मास्तरांनू! पुस्तका वाचून कंटाळलात?"

"हात धुवायचे होते."

"कित्याक? काय जाता तुमका?"

"काही नाही."

"काय जाणा नाय आणि हात धुवक इलात! बसा, बसा. हेंका आधी सोडूया रे, मास्तर आसात."

माझी पाळी पुढे घेतल्यामुळे मी आणखीच ओशाळलो. त्याने रस चोळला. हात खरखरीत होते, पण चोळणे मायेचे होते. मग तांब्याने निवळी ओतली. परातीत पाणी पडले ते पिवळे. फिकट नव्हे, चांगले पिवळे.

"तुमकाय आसा," विठू म्हणाला.

माझ्यामागे बसलेली बाई च्यक् च्यक् करू लागली.

"सगळ्यांचंच होतं का रे पिवळं?" मी विचारले.

"होता तर. सगळ्यांकच आसता थोडी थोडी. म्हणान तर धुवची! तुमची जुनी आसा. मीठ सोडा आणि दोन रविवार येवा."

त्या क्षणी मला जे हवे होते ते मिळाले होते. सगळ्यांचेच पाणी पिवळे होते, असे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. तिथूनच उठून सेजलकडे जायला हवे होते. पण घरी येताना मला वाटू लागले की गेला महिनाभर आपल्यालाही भूक कमी लागते. जेवल्यावर जडही वाटते. घरी येऊन मी आरशात डोळे पाहिले, चष्मा लावून आणि चष्मा काढून.

"पिवळे दिसतात का गं?"

"तुमचे डोळे लग्नातही असेच होते," शालिनी म्हणाली. "जुन्या पानासारखे. जेवायला बसा."

मी आमटीला हात लावला नाही. तिने विचारले, मी सांगितले. ती इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला, आणि मग तिने तो झटकन खाली घेतला. "म्हणजे त्या पोरीचंही खोटंच की हो," ती म्हणाली.

"आधी माझं तर खोटं ठरू दे."

हे मी म्हटले, हे मला आजही आठवते. शनिवारी सेजल पथ्यासाठी केरीला गेली. आईच्या हातचे आळणी जेवण बरे, असे मावशी म्हणाली. मी सोमवारी लॅबमध्ये रक्त दिले. रिपोर्ट बुधवारी मिळाला. देवेशने पाकीट हातात देताना डोळे मिचकावले. "सर, लिव्हर तर माझ्याहून तरुण आहे तुमचं. कोण म्हणालं कामीण?"

घरी येऊन पुन्हा तो ग्रंथ काढला. यावेळी पान उलटले. पुढच्या पानाची पहिलीच ओळ: "यांपैकी एका औषधाने लघवी, घाम व अश्रू नारिंगी होतात. हे निरुपद्रवी असून भिण्याचे कारण नाही."

गोळ्या बंद होऊन तेव्हा दहा दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी केरीला निघालो. शालिनी म्हणाली, पान फाडून न्या. मी म्हटले, ग्रंथालयाचं पुस्तक आहे. ती म्हणाली, रद्दीतलं ना? तरीही मी तो सबंध ग्रंथ कापडी पिशवीत घातला, गोळ्यांची पिशवी वर ठेवली आणि साखळीहून म्हापसा, म्हापशाहून केरी असा पोचलो. सेजलचे घर सुरूच्या झाडांच्या मागे आहे. वडील गोपाळ तेरेखोलच्या फेरीबोटीवर नोकरीला. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. व्हरांड्यात लग्नाच्या पत्रिकांचे गठ्ठे होते आणि सेजल त्यांवर नावे घालत बसली होती.

ती खरोखरच बरी दिसत होती. गालांवर थोडे मांस आले होते.

"उतरली, आजोबा!" मला बसू न देताच ती म्हणाली. "गोळ्या सोडल्यावर तिसऱ्या दिवशी सगळं स्वच्छ. मावशी विठूला नारळ देऊन आली."

"गोळ्या थांबल्या म्हणून स्वच्छ झालं," मी म्हटले. "रंग गोळ्यांचाच होता."

"तेच तर. मला वाटलं, खात्री करावी. घरी एक पाकीट होतं, त्यातली एक परवा घेऊन बघितली. दुपारी परत तशीच, नारिंगी. म्हणजे गोळी घेतली की कामीण परत येते."

तिने प्रयोग केला होता. अगदी नीट केला होता. मी ग्रंथ उघडून तिच्यासमोर ठेवला आणि ओळीवर बोट ठेवले. ती सावकाश वाचत गेली, दोनदा वाचले. मी माझ्या हातांचे सांगितले, रिपोर्टही दाखवला. ती जराशी हसली.

"त्या सालीच्या रसाचा रंग चुन्याच्या पाण्यात बदलतो. लॅबमध्ये आम्ही तेच तर करतो, रंग बदलला की लिहून घेतो. तिथे सुचतं, आजोबा. मावशी शेजारी उभी असताना नाही सुचत."

"दवाखान्यात कुणी बोललं नव्हतं रंगाचं?"

"सिस्टर पहिल्या दिवशी खूप बोलत होती. सांगितलंही असेल. माझं सगळं लक्ष दाराकडे होतं, केरीचं कुणी येतंय का." तिने पुन्हा त्या ओळीवर बोट फिरवले. "हे तेव्हाच का नाही दाखवलंत?"

"पान उलटलं नाही."

तिने मान हलवली. रागावली नाही. "आधीचं पानही तुम्हीच दाखवलं होतंत. आता मी कुठलं धरू?"

तेवढ्यात गोपाळ आतून बाहेर आले. सगळे ऐकले होते त्यांनी. माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली, चहा सांगितला आणि मग म्हणाले, "सर, तुमी शिकलेले माणूस. इतक्या लांब इलात, उपकार झाले. पण आता चेडवाचो खोकलो गेलो, जेवता, झोपता. गोळये परत सुरू करून परत ती भानगड नको. मार्च जावंदे. लग्न जावंदे. मग तुमी सांगशात तसा करूया."

"मार्चपर्यंत थांबून चालायचं नाही," मी म्हटले.

"असा डॉक्टर म्हणता?"

"नाही, मी..."

"तुमी डॉक्टर?"

"नाही."

"मग?"

सेजल माझ्याकडे पाहत होती. तिला हवे होते ते एकच वाक्य, आणि ते कुणीतरी ठामपणे म्हणायला हवे होते. ते ऐकले असते तर बापाशी भांडायची तिची तयारी होती, असे मला तिच्या चेहऱ्यावरून वाटले. निदान आता वाटते.

"मी आपलं पुस्तकात आहे तेवढं सांगितलं," मी म्हटले.

तिने नजर खाली केली, गोळ्यांच्या पिशवीला गाठ मारली आणि म्हणाली, "ठेवून जा, आजोबा. बघते."

परतताना मी म्हापशाची बस सोडून पेडण्याची धरली. दवाखान्यात जायचे आणि सिस्टरला सांगायचे, असे बसमध्ये पक्के केले होते. साडेबारा वाजले होते. खिडकीपाशी दहाबारा माणसांची रांग होती. मी रांगेत उभा राहिलो आणि उभा असतानाच मनात सुरू झाले. पोरीने मला विश्वासाने सांगितले. मी सांगितले की इथून कुणीतरी केरीला जाणार, गाडी दारात उभी राहणार, शेजारी पाहणार. दारात पत्रिकांचे गठ्ठे होते. लग्न मोडले तर ते कुणी मोडले? आणि कोण जाणे, खोकला गेला आहे तर गेलाही असेल. माणसे बरी होत नाहीत असे थोडेच आहे?

"काय पाहिजे, आजोबा?" खिडकीतल्या सिस्टरने विचारले.

"प्रेशर बघायचं होतं."

तिने आत बोलावून प्रेशर पाहिले. दीडशेवर नव्वद. मीठ कमी करा म्हणाली.

घरी शालिनी दारातच होती. "दाखवलंत?"

"दाखवलं."

"घेणार म्हणाली?"

"बघते म्हणाली."

"दवाखान्यात सांगितलंत?"

मी चपला काढत राहिलो. "प्रेशर थोडं वाढलंय म्हणाले," मी म्हटले. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलली.

डिसेंबरात सेजल परत आली. कॉलेजला जाऊ लागली. साडेसहाला आमच्याकडे येत नसे. रस्त्यात भेटली तर हसायची आणि घाईने पुढे जायची. गोळ्या घेतेस का, हे विचारायला मी तीनदा कुंपणापर्यंत गेलो. तिन्ही वेळा तिथे सुमंगला कपडे वाळत घालत होती, किंवा तसे मी स्वतःला सांगितले. विठूचे नाव मात्र त्या महिन्यात फार झाले. कॉलेजातल्या आणखी दोन मुली हात धुवायला गेल्या, असे कानावर आले.

जानेवारी संपताना कुंपणापलीकडून खोकला ऐकू येऊ लागला. "थंडी बाधली," सुमंगला म्हणाली. "मोबाईल घेऊन भायर बसता नाय का." मी दोन दिवस तो खोकला मोजत होतो, आणि मोजून काय होणार हे मलाच कळत नव्हते. तिसऱ्या दिवशी सुमंगला व्हरांड्यात आली. पायरीवर बसली.

"सर, रगत पडला. मोरयेत. वाटीभर नाय, पण पडला."

शालिनी आत गेली. माझी पिशवी आणून हातात दिली फक्त.

मी पहिल्या बसने पेडण्याला गेलो. रांग होती, पण मी सरळ खिडकीपाशी गेलो आणि सगळे सांगितले. नाव, गाव, मावशीचे घर, गोळ्या कधी थांबल्या, कामीण, विठू, माझा ग्रंथ, पान. सिस्टरने लिहून घेता घेता मान वर केली. "फोनवर तर मला प्रत्येक वेळी घेते म्हणाली," ती म्हणाली. तिचा आवाज इतका पडलेला होता की मला तिचीही कीव आली. "पाकिटं घ्यायला वडील यायचे. वेळेवर यायचे हो." तिने बाजूच्या मुलीला रजिस्टर सोपवले, फोन उचलला आणि साखळीच्या दवाखान्याला लावला.

पुढचे सगळे भराभर झाले. दुपारी आमच्या गल्लीत सरकारी गाडी उभी राहिली. थुंकी तपासली. काही दिवसांनी कळले की अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्यांतली मुख्य गोळी आता तिच्यावर चालत नाही. नवीन औषधे, लांबचा कोर्स, महिन्यामहिन्याला तपासण्या. मावशीच्या घरातल्यांचे आणि आमचेही एक्सरे काढले. सगळे स्वच्छ निघाले. सेजलला केरीला नेले. कॉलेजचे वर्ष गेले. नवऱ्यामुलाकडच्यांनी आधी निरोप पाठवला की तारीख पुढे ढकलूया, मग निरोप पाठवणेच बंद केले.

सुमंगलाने तिची खोली फिनेलने धुतली. पायऱ्या धुतल्या, कुंपणालगतचा दगडसुद्धा धुतला. धुताना ती आमच्या घराकडे तोंड करून मोठ्याने बोलत होती. "पेपर वाचूक जाय म्हणे! रोज सकाळी! बरो पेपर वाचूक दिलात, सर! माझ्या भयणीच्या घराची राख केलात!"

मी खिडकी लावून घेतली नाही. तिचे खरेच होते. फक्त राख नेमकी कशाने झाली, सांगितल्याने की न सांगितल्याने, ते तिला ठाऊक नव्हते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सेजलचा फोन आला. दुपारची वेळ होती, शालिनी झोपली होती. इतक्या महिन्यांनी तिचा आवाज ऐकून मी उभाच राहिलो.

"आजोबा, कशा आहेत आजी?"

"बऱ्या आहेत. तू?"

"आहे. औषधांनी कानात आवाज येतो. उलट्या होतात. सिस्टर रोज फोन करते. आता खोटं सांगत नाही मी. ताईने माझ्याशी बोलणं सोडलंय. आई जेवण दारात ठेवते. बाबा म्हणतात, त्या सरांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तुम्ही सांगितलंत म्हणून मी आहे." मला बरे वाटायच्या आत ती पुढे म्हणाली, "पण तुम्ही केरीला आलात त्या दिवशी मला वाटलं होतं, तुम्ही जाऊन सांगाल. मनातून मला तेच हवं होतं. मी आठ दिवस वाट बघत होते, दारात कुणीतरी येईल म्हणून. कुणी आलं नाही. तेव्हा मला वाटलं, आजोबांनाच खात्री नसेल, म्हणजे एवढं काही नसेल."

हे तिला सांगायचे की नाही, याचा मी फार वेळ विचार केला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच केला नाही.

"मी त्या दिवशी पेडण्याला उतरलो होतो," मी म्हटले. "दवाखान्यात गेलो होतो. रांगेतही उभा होतो."

"मग?"

"प्रेशर बघून आलो."

पलीकडे तिला खोकला आला. तो बराच वेळ चालला. तिने फोन तोंडापासून दूर धरला असावा, कारण आवाज लांबून येत होता, आणि मागे कुणीतरी, बहुधा तिची आई, पाणी पी, पाणी पी म्हणत होती. मी थांबून राहिलो. खोकला थांबल्यावर फोन पुन्हा जवळ आल्याचे कळले, कारण तिचा श्वास ऐकू येऊ लागला.

"ठेवते, आजोबा," ती म्हणाली. "गोळ्यांची वेळ झाली."